सांधा

27 ऑक्टोबर 2024, रविवार. दिंडोली, सुरत

फ्लाइंग राणी खच्चून भरलेली होती, पण ते सगळे दिवाळीला घरी येणारे. दिवाळीच्या तोंडावर कामासाठी सुरतेत उतरणारी मी एकटीच असेन. रात्री साडेदहाच्या पुढं पोचले. दादा स्कूटर घेऊन आला होता. वाटेत उधना स्टेशनाबाहेर माणसं रस्त्यापर्यंत बसलेली: गोण्या, पत्र्याच्या पेट्या, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत कोंबलेले कपडे. छठ 7 तारखेला आहे आणि बिहार-यूपीच्या गाड्या इथून सुटतात. ओडिशावाले कधीच गेले, असं दादा म्हणाला. आपले खान्देशातले उद्या-परवा जातील, नंदुरबार-अमळनेरची गाडी धरून. मग मागे उरतात आमच्या मामासारखे, ज्यांचं गावाकडचं घर भावांत वाटलं गेलं आणि सुरतेतलंच घर खरं झालं.

मामा दारातच उभा. "कव्हय उनी माय?" आता आले हे डोळ्यांनी दिसत असतानाही हा प्रश्न विचारायचाच असतो. मी पाया पडले. मामीनं माझ्या पिशवीतली हार्ड डिस्क हातात घेऊन पाहिली आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिली. उंदीर आहेत म्हणे.

28 ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस

कामाला बसले. जिच्यासाठी हे संकलन करते आहे ती मूळची चित्रकर्ती. उन्हाळ्यात तिनं इथल्या एका खात्यात अकरा दिवस चित्रण केलं. (सुरतेत 'खातं' म्हटलं की बँकेचं नव्हे, यंत्रमागांचं.) मला त्यातून दोन प्रती काढायच्या आहेत. एक चाळीस मिनिटांची, महोत्सवांसाठी: अंधार, खुर्च्या, एकच पडदा. दुसरी अठरा मिनिटांची, गॅलरीसाठी: तीन पडदे, लूपवर, दिवसभर.

लोकांना वाटतं दुसरी प्रत म्हणजे पहिलीच कापून लहान केलेली. तसं नाही. सिनेमाच्या प्रतीत मला ठाऊक असतं की माणूस पहिल्या मिनिटाला आत आला आहे आणि दार लागलं आहे. पाचव्या मिनिटाला एक तुटलेला धागा दाखवून ठेवते आणि पस्तिसाव्या मिनिटाला त्याची वसुली करते. गॅलरीत माणूस कुठल्याही मिनिटाला आत येतो, म्हणून प्रत्येक मिनिट पहिलं असू शकतं. आणि शेवटचंही, कारण तो चाळीस सेकंदांत निघूनही जातो. तिथं पेरून ठेवता येत नाही. जे आहे ते हातावर ठेवायचं. शेजारच्या खोलीतल्या कलाकृतीचा आवाज भिंतीतून येतो, तो वेगळाच. गॅलरीत बाक ठेवला आहे की नाही हे मी आधी बघते. बाक असेल तर कलावंताला तुम्ही थांबावं असं वाटतंय. बाक नसेल तर त्यानं आधीच हाय खाल्ली आहे.

आजचा खरा प्रश्न सांध्याचा. अठरा मिनिटं संपली की पहिलं चित्र पुन्हा यायचं, आणि ते आलं हे कळता कामा नये. चित्रकर्तीचा हट्ट आहे: सांधा दिसला नाही पाहिजे, माग कसा थांबत नाही तसा. दिवसभर धोटा उजवीकडून येतानाचं एक चित्र आणि डावीकडं जातानाचं एक चित्र जुळवत बसले. जुळतं, पण प्रकाश जुळत नाही. एकीकडं सकाळ आहे, एकीकडं ट्यूबलाइट.

29 ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी

रिंग रोडला दादाबरोबर गेले. मार्केटं अर्धी बंद, अर्धी शटर ओढून हिशेब करतायत. हातगाड्यांवर शेवटचे पार्सलचे गठ्ठे. एका दुकानात चोपडापूजनाच्या लाल वह्या रचल्या होत्या. मी एक घेतली. हे त्याच वहीत लिहिते आहे, धनाऐवजी.

दुपारी मात्र काम झालं नाही, म्हणून आमच्या धंद्याची वंशावळ उजळत बसले. मला कुणी विचारलं की चित्रकारांनी सिनेमाच्या भानगडीत का पडावं, तर मी तैयब मेहतांचं नाव सांगते, कारण त्यांच्यात उलटं घडलं होतं. गुजरातेत कपडवंजला जन्मलेला हा माणूस जे. जे.त जाण्याआधी मुंबईत फिल्म संकलनाचं काम करत होता. आधी आमचा, मग चित्रकलेचा. 1970 साली त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'कूडल' केली. वांद्र्याच्या कत्तलखान्यातला बैल त्यात आहे, आणि त्यांच्या चित्रांतला तो कोसळणारा बैल ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथं तो जिवंत भेटतो. कूडल या तमिळ शब्दाचा अर्थ मीलन, एकत्र येणं. म्हणजे सांधाच की. त्यांच्या तीन वर्षं आधी हुसेननी राजस्थानात 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केली होती आणि बर्लिनला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळवलं होतं. सरकारी खात्याच्या पैशातून चित्रकार फिल्म करतात आणि ती गोष्ट सांगत नाही, हे आज कुणाला खरं वाटणार नाही.

आणि अकबर पदमसी. 1969 मध्ये त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. दुसऱ्या कुणीही त्या पैशात स्वतःची चित्रं केली असती. यांनी मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' काढलं, जिथं चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले एकाच ठिकाणी खटपट करू शकतील. स्वतः रेघांची 'सिझिजी' केली: अकरा मिनिटं, आवाज नाही, नुसत्या रेषा आणि ठिपके एकमेकांना शोधतायत. दुसरी होती 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. तिची एकच प्रत होती आणि ती हरवली. जवळजवळ अर्धं शतक उलटल्यावर, 2016 मध्ये, आशिम अहलुवालियानं म्हाताऱ्या पदमसींना समोर बसवून त्या हरवलेल्या फिल्मबद्दल त्याच नावाची फिल्म केली.

मला ही गोष्ट फार लागते. चित्र हरवलं की पोलिसात तक्रार होते. फिल्मची प्रत हरवली की 'कुठंतरी असेल' म्हणतात. गॅलरीला वाटतं ती सिनेमावाल्यांकडं असेल, सिनेमावाल्यांना वाटतं ती गॅलरीची. दोन घरचा पाहुणा उपाशी.

त्याच वर्कशॉपमध्ये जे. जे.तून नुकतीच बाहेर पडलेली नलिनी मलानी होती. तिनं 1969 ला 'ड्रीम हाउसेस' केली: वास्तुरचनेचे नमुने, रंगीत दिवे, नव्या शहराची हौस. सात वर्षांनी, 1976 मध्ये, तिनं काळ्यापांढऱ्यात दुसरी फिल्म केली: एक तरुण बाई उंचावरून खालच्या वस्तीकडं बघते आहे. मग दोन्ही शेजारी शेजारी लावल्या आणि त्या जोडीला नाव दिलं 'यूटोपिया'. एका पडद्यावर एकामागून एक दाखवल्या असत्या तर 'आधी स्वप्न, मग भंग' अशी बाळबोध गोष्ट झाली असती. शेजारी ठेवल्यावर तसं होत नाही. स्वप्न चालूच राहतं, भंगही चालूच राहतो, आणि मान इकडून तिकडं वळवण्याचं काम आपल्यावर येतं. तीन पडदे कशाला हवेत असं जो विचारेल त्याला हे दाखवावं.

रात्री जेवताना मामाला हे थोडं सांगितलं. तो म्हणाला, "एकच फिल्लम दोन ठिकाणी? मंग पैसा दोनदा भेटस का?" नाही, म्हटलं. "मंग?"

31 ऑक्टोबर, गुरुवार

आज शेजारच्या गुजराती घरांत दिवाळी. आमच्या कालनिर्णयात लक्ष्मीपूजन उद्या. मामी म्हणाली, "फटाके त्यांचे, झोप आपली." खात्यांचा आवाज बंद आहे. दिंडोलीत हा आवाज नसला की कानात दडा बसल्यासारखं होतं.

1 नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

पूजा संध्याकाळी झाली. आमची दिवाळी आज. शेजाऱ्यांचा आज 'धोको', म्हणजे पडतर दिवस, आणि उद्या त्यांचं नवं वर्ष. भिंत एक, तारखा दोन. मामानं लक्ष्मीपुढं त्याची जुनी कात्री ठेवली. 2019 ला निवृत्त झाला तेव्हा कारखान्यातून घरी आलेली ती एकच वस्तू. त्यामागची गोष्ट तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.

पूजेनंतर मी लॅपटॉप उघडला तशी मामा शेजारी येऊन बसला. तीन चौकटींत माग चालू होते. मी म्हटलं, हे लूपवर चालणार आहे. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी त्याच्या गावचं नाव घेतलं.

मला लाज वाटली पाहिजे. माझा मामा तीस-एक वर्षं लूपवर होता आणि हे मला आजवर सुचलं नाही. 'मामा प्रोसेस हाऊसला आहे, लूपवर आहे' हे लहानपणापासून ऐकत आले. तो शब्द घरातल्या भांड्यासारखा झाला होता, त्याकडं कोण बघतो.

तर लूप हे असं. सुरतेचं कापड म्हणजे बहुतेक कृत्रिम धाग्याचं. मागावरून ग्रे कापड येतं, ते जेटमध्ये धुऊन-उकळून, स्टेंटरवर ताणून पक्क्या मापाचं होतं, मग छपाई होते. पण छापलेला रंग तेव्हा कापडावर नुसता बसलेला असतो, बोटानं पुसला जाईल असा. तो आत शिरण्यासाठी कापड लूपमध्ये जातं. आतमध्ये वाफ, उष्णता एकशेसत्तरच्या पुढं. एका साखळीवर दांड्या सरकत असतात आणि प्रत्येक दांडीवर कापड लांब झोल खाऊन लोंबतं. असे शेकडो झोल, एकामागून एक, सावकाश पुढं जाणारे. सात-आठ मिनिटांनी ते दुसऱ्या तोंडातून बाहेर. मग आर. सी. (वरवर उरलेला रंग काढून टाकणं), धुलाई, फिनिश. मामाचं काम तोंडाशी उभं राहण्याचं. झोल एकमेकांना चिकटले तर एकाचा रंग दुसऱ्यावर उतरतो आणि डाग पडतो. कापड घाईनं बाहेर काढलं तर रंग कच्चा राहतो.

"तुनं किती मिनिट राहस आतमां?" मामानं विचारलं. म्हणजे बघणारा माणूस, त्या खोलीत.

मी म्हटलं, दोन. फार तर तीन.

"कच्चा राही," तो म्हणाला, आणि दिव्यात तेल घालायला उठला.

मग मी त्याला सांध्याची अडचण दाखवली. अठरावं मिनिट, पहिलं मिनिट, मधली ती ओढाताण. मला वाटलं होतं त्याला यात रस नसेल. त्यानं तीनदा बघितलं. त्याचं म्हणणं मी त्याच्याच क्रमानं लिहिते, कारण नंतर मी ते सुधारून सांगेन अशी मला भीती आहे.

ताका मशीनला लावताना मागच्या ताक्याचं टोक पुढच्याला शिवून घेतात. तसं केलं नाही तर मशीन दर शंभर मीटरला थांबवावं लागेल. शिवलं की कापड संपतच नाही, रात्रंदिवस एकच कापड. पण तो सांधा जाड शिवायचा, रंगीत दोऱ्यानं, दिसेल असा. कारण सांधा आला की कारागिराला कळलं पाहिजे: ताका बदलला, डिझाइन बदलेल, पार्टी बदलेल, आकडा लिही. सांधा दिसला नाही तर काय, मी विचारलं. तर एका पार्टीचा माल दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जातो आणि पगारातून कापतात. "सांधा लपाडतस नही," तो म्हणाला. "सांधा म्हंजे मोजदाद."

ही वाक्यं चित्रकर्तीला कशी कळवायची याचा विचार करते आहे. फोनवर सांगितलं तर तिला ते 'सुंदर' वाटेल आणि ती ते भिंतीवर लिहील. नको.

2 नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

आज मामाला 'मशीन्स' दाखवली. गेली काही वर्षं मनात होतं, धीर होत नव्हता.

राहुल जैनची ही फिल्म 2016 ची. सुरत परिसरातल्या एका अवाढव्य कापड कारखान्यात केलेली, सुमारे सव्वा तासाची. जैनच्या आजोबांची सुरतेत गिरणी होती आणि लहानपणी तो तिथं हिंडला होता. पुढं कॅलिफोर्नियाच्या कलाशाळेत शिकताना तो ही फिल्म करायला परतला. ॲम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवली गेली, आणि जानेवारी 2017 मध्ये सनडान्सला छायाचित्रणासाठी खास पारितोषिक मिळालं. छायाचित्रकार रोद्रिगो त्रेहो विल्यानुएवा, मेक्सिकोचा. संगीत नाही, निवेदन नाही. सुरुवातीला बराच वेळ कॅमेरा नुसता भट्टीपासून आत आत चालत जातो, आणि कुणी बोलत नाही. सिनेमागृहात हे करायला छाती लागते. गॅलरीत हे रोजचं आहे. म्हणूनच ही फिल्म दोन्हीकडच्या लोकांना आपली वाटली असावी.

तिच्यावर एक आक्षेप कायम घेतला जातो, की ती फार देखणी आहे. वाफ, रंगाचे ओघळ, उघड्या पाठीवर पडलेला उजेड. बारा तासांच्या पाळीला बक्षीस मिळालं ते छायाचित्रणाचं, ही खोच मलाही टोचते. पण मी संकलक आहे, कानानं बघते. त्या फिल्मचा आवाज देखणा नाही. तो आवाज सव्वा तास डोक्यावर बसतो, आणि चित्र सुंदर झालं की तोच त्याची मान धरतो.

टीव्हीला लॅपटॉप जोडला. मामा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत हलला नाही. हात मांडीवर, पाय खाली, थेटरात बसल्यासारखा. मामीकडं भरतकामाच्या साड्यांचा दिवाळीआधीचा शेवटचा लॉट राहिला होता. ती धागे कापत होती, मध्ये उठून वरण बघत होती, परत येऊन चार मिनिटं बघत होती, दूधवाल्याशी बोलून पुन्हा येत होती. एकाच खोलीत दोन प्रेक्षक होते, आणि माझ्या दोन्ही प्रतींचे ग्राहक तेच होते.

मामा बोलत होता, पण फक्त नावं. ड्रम. जेट. टेबल. हा मास्तर असेल. हा नवा आहे, बघ कसा उभा राहतो. एक पोरगा उभ्या उभ्या पेंगतो ते प्रसिद्ध दृश्य आलं. मान खाली जाते, झटक्यानं वर येते, पुन्हा जाते. महोत्सवांत इथं सगळे श्वास रोखतात. मामा हसला. म्हणाला, चारच्या सुमाराला सगळे असेच, साडेचारला चहा येतो. मग जरा वेळानं, पडद्यावर दुसरंच काही चालू असताना, "इतला पोऱ्या तव्हय बी व्हतात" एवढंच म्हणाला. इतकी पोरं तेव्हाही होती.

मालक येतो, कारखान्यातल्या कॅमेऱ्यांची चित्रं बघत बसलेला. पोट भरलं की मजूर काम करत नाही अशा अर्थाचं तो काही सांगतो. त्याच्या समोर आठ-दहा चौकटी, आवाज नसलेल्या, दिवसभर चालणाऱ्या. मला एकदम जाणवलं की त्या अख्ख्या फिल्ममध्ये गॅलरीतल्यासारखं बघणारा तो एकटाच आहे. हवं तेव्हा बघतो, हवं तेव्हा मान वळवतो.

शेवटाकडं कामगार बाहेर जमून कॅमेऱ्याला उलट विचारतात. तुम्ही येता, विचारता, निघून जाता. आम्ही काय करायचं ते सांगा, आम्ही करू. मामा सरसावून बसला.

"बरोबर इचारं. मंग त्यानी काय सांगं?"

"काही नाही. संपली फिल्म."

"तठेच?"

मामी म्हणाली, "साडी कुठंच दाखवली नाही नेसलेली."

3 नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

दादाला ओवाळलं. त्याचा मुलगा बारावीत, सुट्टीत एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात हिशेब लिहितो. त्याच्या मोबाइलवर खात्यातल्या पोरांनी केलेले रील्स आहेत: मागांच्या रांगेतून चालत येणारा एक जण, गाणं अहिराणी, गॉगल रात्रपाळीत. कापाकापी इतकी नेमकी की मी दोनदा मागं नेऊन बघितली. पोरगं माग थांबवून नाचत नाही, चालू मागाच्या ठेक्यावर नाचतं.

कॅम्प या मुंबईच्या कलावंतगटाची 'फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ' (2013) आठवली. कच्छच्या आखातातल्या जहाजांवरच्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेली चित्रं, त्यावर त्यांनीच चढवलेली गाणी, ब्लूटूथनं एका जहाजावरून दुसऱ्यावर गेलेली. त्यातून ऐंशीहून अधिक मिनिटांची फिल्म उभी राहिली आणि ती कलाप्रदर्शनांतही फिरली, महोत्सवांतही. आमची चित्रकर्ती अकरा दिवस भाड्याचा कॅमेरा घेऊन खात्यात उभी होती तेव्हा ही पोरं तिथंच होती, फोन खिशात. कुणी त्यांना विचारलं नाही. मीही हे आज लिहिते आहे.

4 नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पांडेसऱ्याला चालत फिरून आले. धुराडी थंड. गेटवर आंब्याच्या पानांचं तोरण, आत एक राखणदार, एक कुत्रं. नाल्याला रंग नाही. मामा म्हणतो, पूर्वी मिलमध्ये काय छापतायत ते नाल्यावरून कळायचं.

इथली माणसं भिंतीवर टांगली जाण्याची ही पहिली वेळ नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन 1960 च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या मजुरांमागं फिरत आले: ऊसतोड, वीटभट्टी, सुरतेचे माग. 2000 साली अरविंद दास यांच्याबरोबर त्यांचं 'डाउन अँड आउट' हे पुस्तक आलं, फोटो रवी अग्रवाल यांचे. ते फोटो 2002 मध्ये जर्मनीत कासेलला, अकराव्या डॉक्युमेंटात लागले. पांडेसऱ्यात असा उभा राहिलेला माणूस आणि कासेलमध्ये त्याच्यासमोर उभा राहिलेला माणूस, हे दोघं एकमेकांना किती वेळ दिसले असतील?

फोटोला हे विचारता येत नाही, कारण फोटो तुमच्याकडं वेळ मागत नाही. फिल्म मागते, म्हणून तिची फजिती होते. चौदाव्या डॉक्युमेंटात, 2017 मध्ये, चीनच्या वांग बिंगनं '15 अवर्स' दाखवली. कपडे शिवणाऱ्या कारखान्यातला एक अख्खा कामाचा दिवस, पंधरा तासांहून लांब. ती कुणी पूर्ण पाहील अशी त्याचीही अपेक्षा नसणार. तिथं आपण उठून जातो तेव्हा आपल्याला नेमकं कळतं की आपण उठू शकतो. हे सिनेमागृहात साधलं नसतं. तिथं उठणं म्हणजे कंटाळणं. एरवी गॅलरीच्या येणंजाणंपणावर मी चिडते, पण वांग बिंगनं ती खोडच कामाला लावली.

आणि हारुन फारोकी. ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये लियाँच्या आपल्याच कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार टिपले. सिनेमाची सुरुवात तिथून सांगतात. फारोकीनं शंभर वर्षांनी, 1995 ला, सिनेमात पुढं जिथं जिथं कामगार कारखान्याबाहेर पडतात ती दृश्यं गोळा करून निवेदनासह फिल्म केली. अकरा वर्षांनी तेच सामान त्यानं बारा मॉनिटरांवर मांडलं, जमिनीलगत, एका ओळीत. फिल्ममध्ये तो तुम्हाला समजावतो. बारा मॉनिटरांपुढं समजावणं बंद होतं, नुसती दारं उघडत राहतात आणि माणसं बाहेर पडत राहतात. संपतच नाहीत. पाळी सुटण्याचं दृश्य लूपवर टाकलं की पाळी कधी सुटतच नाही, हा विनोद त्याला नक्की कळला असणार.

मी दुपारी पांडेसऱ्याच्या एका बंद गेटासमोर फोन धरून दोन मिनिटं उभी राहिले. कुणी बाहेर आलं नाही. राखणदारानं विचारलं, "कोण पाहिजे?" मराठीत. शिरपूरकडचा निघाला. चहा पाजला.

5 नोव्हेंबर, मंगळवार

चाळीस मिनिटांची प्रत संपली. तुटलेल्या धाग्याची वसुली अडतिसाव्या मिनिटाला. त्यात मी एक गोष्ट केली, चित्रकर्तीला न विचारता: शेवटचं चित्र अडीच मिनिटं चालू ठेवलं. माग चालू, माणूस चौकटीबाहेर. ती कापायला सांगेल. मग भांडू.

मामा आज अंगणात बसून होता. गंमत म्हणून त्याला कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची गोष्ट सांगितली. 1892 पासून त्यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचा जादूच्या कंदिलाचा खेळ केला. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, काही काचा एकीवर एक सरकवून चित्र हललेलं दाखवायचं. सिनेमा यायच्या आधी. मामाला चित्रांपेक्षा काचेवरच्या रंगात रस. "काचवर रंग कसा पक्का करेत?" मला सांगता आलं नाही.

6 नोव्हेंबर, बुधवार. लाभपाचम

सकाळी मुहूर्त. रिंग रोडची शटर वर गेली, दुकानांच्या उंबऱ्यावर कुंकवानं शुभ-लाभ. खाती लगेच चालू होत नाहीत. कारागीर छठनंतर परततील, काही तर लग्नसराई उरकून. पण आमच्या गल्लीच्या टोकाला कुणीतरी मुहूर्तापुरते दोन माग चालवले. मामा ताट बाजूला सारून ऐकत बसला. "एक ढिला शे," म्हणाला.

गॅलरीची प्रत आज पुरी केली. सकाळ आणि ट्यूबलाइट जुळवण्याचा नाद सोडला. अठराव्या मिनिटाला तिन्ही पडद्यांवर दोन सेकंद लाल ठेवलं, अगदी चोपडीच्या पुठ्ठ्यासारखं. आवाज मात्र तोडला नाही. माग त्या लालखालून चालूच राहतो. मग पहिलं मिनिट. चित्रकर्तीला लिहिलं: सांधा ठेवला आहे, नको असेल तर फोन कर. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, "का?" त्याला उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मामाचा ताका, पार्टी, पगारकपात असं सगळं कोरडं लिहून पाठवलं, एकही विशेषण न घालता. अजून निळी खूण आलेली नाही.

रात्री नऊला टेम्पोवाल्यानं लाभपाचमीचा पहिला गठ्ठा आणून टाकला, तो थेट माझ्या टेबलाशी. मामी म्हणाली, "जरा सरक." साड्यांच्या उलट्या बाजूला भरतकामाचे लोंबते धागे, हजारो. लॅपटॉपवर फाइल निघत होती, बावीस मिनिटं बाकी दाखवत होता. मामीनं गठ्ठा सोडला, वरची साडी मांडीवर घेतली आणि दुसरी कात्री माझ्याकडं सरकवली.